मधुमेही बोका खात नाही, टाच टेकवून चालतो: आधी काय बघायचं आणि काय टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. मधुमेह कळून दीड महिना झाला. ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ २ युनिट चालू आहे, तरी साखर ३२० ते ४०० च्या आसपासच. वजन ६.२ किलोवरून ५.१ वर आलं. आठवडाभर तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालतोय. कालपासून खाल्लं नाही, दोनदा उलटी झाली. डोस वाढवावा का, पाय मधुमेहामुळेच असे झालेत का, आणि आणखी काय काय होऊ शकतं?

डोस वाढवू नका. बोक्याला आजच दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. पाय आठवडाभर थांबू शकतात, उलटी आणि रिकामी वाटी थांबू शकत नाही. ग्लुकोमीटरवर मोठा आकडा दिसला की घरातले घाबरतात, पण साखर ४०० असलेलं आणि तरीही भरपूर खाणारं-पिणारं मांजर काही दिवस तसंच राहिलं तरी बहुधा तरून जातं. साखर ४०० आणि खाणं बंद, हे दोन्ही एकत्र आलं की हिशेब तासांवर येतो, कारण तेव्हा पहिली शंका किटोअॅसिडोसिसची घ्यावी लागते.

शरीरात इन्सुलिन अपुरं पडलं की पेशींना साखर वापरता येत नाही. मग चरबी फुटून यकृताकडे जाते आणि यकृत तिच्यापासून किटोन बनवतं. हे किटोन आम्लधर्मी असतात. ते साठत गेले की रक्त आम्लयुक्त होतं (हाच किटोअॅसिडोसिस), मळमळ सुरू होते, मांजर खाणं सोडतं, उलट्यांतून आणि लघवीतून पाणी-क्षार जातात, आणि चक्र आणखी घट्ट होतं. नुसत्या इन्सुलिनच्या कमतरतेने हे सहसा होत नाही. बहुतेक वेळा मागे दुसरा आजार असतो: स्वादुपिंडाची सूज, लघवीचा किंवा दातांचा संसर्ग, यकृतात साठलेली चरबी, किडनीचा आजार, किंवा अलीकडे दिलेलं स्टेरॉइड. म्हणून दवाखान्यात किटोन सापडले म्हणून तपासणी तिथेच थांबू नये, हे किटोन कशामुळे झाले हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी किटोन बघायचे असतील तर साखर आणि किटोन दोन्ही दाखवणारी लघवीची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. लिटर ट्रे धुऊन कोरडा करा, त्यात मूठभर धुतलेले मत्स्यालयाचे खडे टाका. खडे पाणी शोषत नाहीत, लघवी तळाशी जमते. पट्टी बुडवून डबीवर छापलेल्या सेकंदांनीच रंग बघा, उशिरा बघितलेला रंग खोटा असतो. यात एक अडचण आहे. ही पट्टी अॅसिटोअॅसिटेट दाखवते, आणि किटोअॅसिडोसिसमध्ये जास्त प्रमाणात असतं ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, जे पट्टीला दिसतच नाही. पट्टी गडद झाली तर ताबडतोब निघा, पण पट्टी कोरी निघाली म्हणून न खाणाऱ्या मांजराला घरी ठेवू नका. रक्तातले किटोन मोजणारं मीटर दवाखान्यात असेल तर ते अधिक भरवशाचं. मांजरात २.४ मिलिमोलच्या वर आकडा आला तर किटोअॅसिडोसिस समजूनच उपचार सुरू करतात. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो म्हणतात, पण कित्येकांना तो वास येतच नाही. त्यावर विसंबू नका.

निघण्यापूर्वी इन्सुलिन द्यायचं की नाही? हा निर्णय डॉक्टरांना फोन करूनच घ्या. फोन लागलाच नाही तर साधा नियम असा: साखर १५० च्या खाली असेल आणि मांजर खात नसेल तर तो डोस देऊ नका. साखर ३०० च्या वर असेल आणि खाणं बंद असेल तर नेहमीच्या निम्मा डोस द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधल्या आकड्यांना डोस थांबवून निघणं जास्त सुरक्षित. खात नाही म्हणून दोन-तीन दिवस इन्सुलिन पूर्ण बंद ठेवणं ही फार मोठी चूक ठरते, कारण किटोन नेमके तेव्हाच वाढतात.

दवाखान्यात पोचल्यावर पहिले काही तास फक्त सलाईन चालू असलेलं बघून लोक अस्वस्थ होतात. साखर एवढी आहे, मग इन्सुलिन का देत नाहीत? कारण आधी पाण्याची कमतरता भरून काढावी लागते, आणि पोटॅशियम बघावं लागतं. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियम आणि फॉस्फरसही पेशींत ढकलतं. आधीच उलट्यांमुळे पोटॅशियम कमी असलेल्या मांजराला घाईने इन्सुलिन दिलं तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक खाली जातं. याची एक खूण उघड्या डोळ्यांनी दिसते: मांजराला मान उचलता येत नाही, हनुवटी छातीला टेकते आणि ते खालून वर बघतं. फॉस्फरस फार खाली, साधारण १.५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर तांबड्या पेशी फुटू लागतात आणि हिमोग्लोबिन दिवसात घसरतं. म्हणून सलाईन चार-सहा तास चालल्यावर कमी मात्रेत, जलद काम करणारं साधं इन्सुलिन सुरू करतात. साखर तासाला ५० ते ७५ पेक्षा वेगाने उतरू देत नाहीत आणि ती २५० च्या आसपास आली की सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज मिसळतात. साखर खाली आली तरी इन्सुलिन थांबवत नाहीत, कारण किटोन जाईपर्यंत इन्सुलिन लागतंच, आणि ते चालू ठेवता यावं म्हणूनच वरून साखर देतात. दाखल करून ठेवायचे तीन ते पाच दिवस धरून चला. सोडियम-पोटॅशियम-फॉस्फरस दिवसातून किती वेळा तपासणार, हे आधीच विचारा. ज्या दवाखान्यात ते तपासण्याची सोय नाही तिथे या अवस्थेतलं मांजर ठेवू नये.

याच ठिकाणी घरगुती पथ्याची एक गोष्ट येते. आजारी मांजराने खावं म्हणून चिकनचं सूप देतात आणि त्यात कांदा-लसूण असतो. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशींना इजा करतात. मधुमेही, विशेषतः किटोन वाढलेल्या मांजराच्या तांबड्या पेशी आधीच नाजूक झालेल्या असतात. फोडणी न दिलेलं, मीठ न घातलेलं उकडलेलं चिकन द्या, मसाल्याच्या रश्श्यातलं धुऊन काढलेलं नव्हे.

न खाण्याचा दुसरा परिणाम यकृतावर होतो. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगावरची चरबी यकृतात जाऊन बसते आणि यकृत काम सोडायला लागतं. तुमचा बोका ६.२ चा होता आणि आता झपाट्याने उतरतोय, म्हणजे नेमका या धोक्यातला आहे. कानाच्या आतली पातळ कातडी, टाळू आणि हिरड्या दिवसाउजेडी बघा. पिवळसर झाक दिसली तर ते सांगा. यावर एकच खरा उपचार आहे, अन्न पोटात जाणं. सिरिंजने तोंडात बळेच खाऊ घालणं टाळा. मळमळत असताना असं केलं की मांजर त्या अन्नाचाच तिटकारा धरतं, आणि ठसका लागून अन्न फुप्फुसात जायचीही भीती असते. डॉक्टरांनी मानेतून अन्ननलिकेत नळी घालायचं सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नका. दिसायला भयंकर वाटलं तरी बहुतेक मांजरं नळी निमूट सहन करतात आणि ती घरी आठवडे राहू शकते. पाच किलोच्या मांजराला विश्रांतीत दिवसाला साधारण २३० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाव ते एक तृतीयांश, मग तीन-चार दिवसांत पूर्ण. अन्न कोमट आणि गाळलेलं असावं, एका वेळी सावकाश दहा-पंधरा मिनिटं घेऊन द्यावं, आणि शेवटी ५ मिली कोमट पाण्याने नळी धुवावी, नाहीतर ती चोंदते. उपाशी मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर दिलं तर पोटॅशियम-फॉस्फरस पुन्हा घसरतात, म्हणून हा चढता क्रम पाळायचा.

आता साखर खाली जाण्याबद्दल. किटोअॅसिडोसिस दिवसांत वाढतो, साखर कमी होणं मात्र मिनिटांत जीवावर बेततं, आणि बऱ्याचदा ते घरच्या हातून घडतं. साखर ६० च्या खाली गेली की धोका. मांजर अचानक आक्रस्ताळं ओरडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, भिंतीला धडकत झोकांड्या खातं, अंग थरथरतं, मग फिट येते आणि शुद्ध हरपते. काही मांजरं यातलं काहीच न दाखवता फक्त कोपऱ्यात मलूल पडून राहतात.

मांजर शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर आधी त्याचं आवडतं खाणं पुढे ठेवा. खात नसेल किंवा झोकांड्या जात असतील तर एक चमचा मध, किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून केलेली दाट पेस्ट, बोटाने हिरड्यांना आणि गालाच्या आतून थोडी थोडी चोळा. फिट येत असेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात पातळ काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. ओठ बाजूला ओढून मध हिरडीला लावा, बोट दातांमध्ये घालू नका, आणि गाडीत बसा. तिथे ५० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे ०.५ ते १ मिली, सलाईनमध्ये पातळ करून शिरेतून देतात. मध दिल्यावर मांजर उठून बसलं म्हणून परत झोपायला जाऊ नका. ग्लार्जिनचा परिणाम बारा तास आणि त्याहून जास्त टिकतो, मधाचा अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. दर १५ मिनिटांनी साखर मोजा, स्थिरावल्यावर तासातासाने, आणि पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका.

हे का होतं याची कारणं ठरलेली आहेत. घरातल्या दोघांनी एकमेकांना न सांगता सुई दिली. सुई आत गेली की नाही याची शंका आली म्हणून पुन्हा टोचलं. मांजराने खाल्लं नाही तरी पूर्ण डोस दिला. कोरडं खाद्य बंद करून ओलं सुरू केलं, साखर आपोआप उतरली आणि डोस मात्र तोच राहिला. आणि भारतात सगळ्यात जास्त घोळ होतो तो सिरिंजचा.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. १ मिलीत ४० युनिटच्या बाटल्या असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. १ मिलीत १०० युनिटची बाटली किंवा पेनची कार्ट्रिज असते, तिला केशरी टोपणाची. ग्लार्जिन बहुधा १०० चं असतं, तरी बाटलीवरचा आकडा वाचा. १०० चं ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २ च्या खुणेपर्यंत भरलं तर ०.०५ मिली आत जातं, म्हणजे २ ऐवजी ५ युनिट. पाच किलोच्या मांजराला हा डोस जीवघेणा ठरू शकतो. उलट, ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजने २ च्या खुणेपर्यंत दिलं तर फक्त ०.८ युनिट जातं आणि साखर हलत नाही. दुकानात सिरिंज संपली म्हणून दुसरी दिली तर घेऊ नका. मांजराला अर्ध्या युनिटने डोस बदलावा लागतो, त्यामुळे ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली १०० ची सिरिंज शोधून ठेवा. पेनने अर्धं युनिट बहुधा देता येत नाही. आणि घरातल्या आजोबांची ३०/७० ची बाटली मांजरासाठी अजिबात नाही. त्यातलं जलद इन्सुलिन साखर एकदम पाडतं आणि उरलेलं बारा तास पुरत नाही.

सुई आत गेली की केसांवर ओली झाली, अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका, कधीच नाही. एक डोस चुकल्याने साखर वाढेल, दुप्पट डोसने जीव जाईल.

साखर कुठे मोजायची? कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळ. कोमट पाण्यात पिळलेला कापूस कानाला मिनिटभर धरा म्हणजे रक्त येतं. कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ थर लावला की थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो आणि पट्टीला लगेच शोषता येतो. मागून दुमडलेला कापूस धरून टोचा, नाहीतर लॅन्सेट आरपार तुमच्या बोटात जाईल. माणसांचं ग्लुकोमीटर मांजरात प्रयोगशाळेपेक्षा थोडं कमी दाखवतं. चढ-उतार बघायला ते पुरतं, पण मीटर मध्येच बदलू नका, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. कातडीवर चिकटवायचे साखरेचे सेन्सर मांजरातही वापरतात. साखर झपाट्याने बदलत असताना ते रक्ताच्या मागे राहतात, त्यामुळे मांजर झोकांड्या खात असेल आणि सेन्सर ९० दाखवत असेल तर कानाचं रक्त तपासा.

दवाखान्यातल्या एका साखरेवर डोस ठरवणंही चुकीचं. मांजर घाबरलं, धरून ठेवलं, की निरोगी मांजराचीही साखर ३०० च्या वर जाऊ शकते. म्हणून निदानाच्या वेळी फ्रुक्टोसामीन ही रक्ताची चाचणी बघतात. ते गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगतं. डोस ठरवायला घरी दर दोन तासांनी बारा तास मोजलेली साखर हवी. सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० च्या मध्ये आला तर डोस बरोबर. बदल अर्ध्या युनिटने, आणि पाच-सात दिवस थांबून मगच पुढचा.

आता पाय. मांजर बोटांवर चालणारा प्राणी आहे, टाच हवेत असते. दीर्घकाळ साखर जास्त राहिली की ती मज्जातंतूंच्या पेशींत शिरून सॉर्बिटॉल होते आणि तंतूंचं आवरण खराब होतं. सगळ्यात आधी मागच्या पायांची ताकद जाते. सोफ्यावर उडी मारणं सुटतं, मग टाचा टेकायला लागतात. मधुमेही मांजरांपैकी साधारण दहात एकाला हे इतकं ठळक होतं. दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त असतो, पण पंजाला हात लावलेला काहींना सहन होत नाही. साखर नीट आटोक्यात आली की आठवड्यांत ते महिन्यांत बरीच सुधारणा होते. पूर्ण होईलच असं नाही, पण दीड महिन्याच्या मधुमेहात आशा चांगली आहे. तोवर ट्रेची कड खाली ठेवा, घसरत्या फरशीवर चटई टाका, टाचेच्या कातडीला जखम होत नाही ना हे रोज बघा.

दोन गोष्टींची मात्र याच्याशी गल्लत होते. एक, वर सांगितलेलं कमी पोटॅशियम. त्यात मान पडते आणि चारही पाय अशक्त होतात. दुसरी, महाधमनीच्या टोकाला अडकलेली गुठळी. यात मागचे पाय एका क्षणात जातात, मांजर वेदनेने किंचाळतं, पंजे थंड पडतात, तळव्याच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात. हा मधुमेहाचा मज्जातंतूंचा विकार नव्हे, तिथे मिनिटं महत्त्वाची.

नसांसाठी मिथाइलकोबालामिन (बी-१२ चाच एक प्रकार) अनेक डॉक्टर देतात आणि ते मांजराला सहसा चालतं. स्वादुपिंडाच्या किंवा आतड्याच्या आजारात बी-१२ खरोखरच कमी पडतं, तेव्हा ते मोजून दिलेलं उत्तम. पण माणसांच्या 'नसांच्या' गोळ्यांमध्ये मिथाइलकोबालामिनसोबत बहुधा अल्फा लिपोइक अॅसिड असतं, कित्येकदा एका गोळीत १०० मिलिग्रॅम. मांजराला ते माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मानाने सुमारे दहापट विषारी आहे. किलोमागे ३० मिलिग्रॅमला यकृताला इजा झालेली नोंदलेली आहे, म्हणजे पाच किलोच्या मांजराला अशा दीड गोळ्या. पाकिटावरचं पूर्ण मिश्रण वाचल्याशिवाय गोळी देऊ नका.

मग २ युनिट देऊनही साखर का उतरत नाही? डोस वाढवण्याआधी साध्या गोष्टी तपासा. बाटली फ्रीझरजवळ गोठली होती का? विदर्भातल्या उन्हाळ्यात लोडशेडिंगमध्ये फ्रीज बंद राहिला का? ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं. गढूळ दिसलं किंवा कण दिसले तर फेकून द्या. ते दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही, पातळही करायचं नाही. सुई मानेच्या जाड कातडीत देताय की छातीच्या बाजूच्या सैल कातडीत? दुसरी जागा बरी. मग गेल्या दोन-तीन महिन्यांचा औषधांचा इतिहास आठवा. खाजेसाठी किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी दिलेलं लांब पल्ल्याचं स्टेरॉइडचं एक इंजेक्शनही कित्येक आठवडे इन्सुलिनचा परिणाम होऊ देत नाही. पुष्कळ वेळा घरच्यांना ते स्टेरॉइड होतं हे माहीतच नसतं, म्हणून जुन्या चिठ्ठ्या घेऊन जा. त्यानंतर दात, लघवी आणि स्वादुपिंड. मांजराच्या स्वादुपिंडाची सूज कुत्र्यासारखी पोटदुखीने ओरडत नाही. मलूल होणं, कमी खाणं, अधूनमधून उलटी, एवढंच दिसतं. त्यासाठी मांजराची खास लायपेज चाचणी आणि सोनोग्राफी दोन्ही लागतात. तुमच्या बोक्याच्या बाबतीत माझा पहिला संशय याच जागेवर आहे.

हे सगळं ठीक निघालं आणि डोस वाढतच चालला, तर वाढीच्या संप्रेरकाचा आजार, अॅक्रोमेगॅली, डोक्यात ठेवावा. ब्रिटनमध्ये १,२२१ मधुमेही मांजरांच्या तपासणीत चारांत एकाचा आयजीएफ-१ (या आजारात रक्तात वाढणारा घटक) हजाराच्या वर निघाला होता, म्हणजे हा आजार वाटतो तितका दुर्मिळ नाही. त्यात साखर बेफाम असूनही वजन वाढतं, चेहरा रुंद होतो, खालचा जबडा पुढे येतो, दातांमधल्या फटी वाढतात, हृदयाच्या भिंती जाड होतात. चाचणी इन्सुलिन सहा-आठ आठवडे चालू राहिल्यावर करावी, त्याआधी आकडा खोटा कमी येतो. तुमचा बोका वाळतोय, त्यामुळे आज तरी तो संशय मागे.

लघवीच्या संसर्गाबद्दल एक महत्त्वाचं. साधारण दहातल्या एका मधुमेही मांजराला तो असतो, बहुधा इ. कोलायचा, आणि जळजळ, थेंबथेंब लघवी, रक्त यांपैकी कित्येकदा काहीच दिसत नाही. म्हणून लघवी सोनोग्राफी करताना सुईने थेट मूत्राशयातून घेऊन कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या चाचणीला) पाठवावी, ट्रेमधली चालत नाही. कल्चरच्या आधीच अँटिबायोटिक सुरू केलं तर जंतू हाती लागत नाही.

डोळ्यांची काळजी बरेच जण करतात, कुत्र्यात मधुमेहाने मोतीबिंदू होतो म्हणून. मांजरात तो क्वचितच होतो, कारण त्यांच्या भिंगात साखरेचं सॉर्बिटॉल करणारं एन्झाइम फार कमी काम करतं. मांजराला अचानक दिसेनासं झालं तर मोतीबिंदूपेक्षा रक्तदाबाचा विचार करा. वाढलेल्या दाबाने पडदा सुटतो. किडनीचा आजार या वयात मधुमेहासोबत वारंवार आढळतो, आणि तहान-लघवी दोन्हीत वाढते, त्यामुळे पाणी जास्त पितो म्हणजे साखर वाढलीच असं गृहीत धरू नका. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी म्हणजे नक्की जास्त.

एक क्वचित पण गंभीर अवस्था म्हणजे किटोन नाहीत, पण साखर ६०० च्या वर. रक्त इतकं दाट होतं की मेंदू ग्लानीत जातो. इथे घाईने साखर पाडली तर मेंदूला सूज येते, म्हणून उपचार मुद्दाम सावकाश करतात.

गोळ्यांचं विचाराल तर मेटफॉर्मिनने मांजराचा मधुमेह आटोक्यात येत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनचं पातळ औषध मांजरांसाठी मंजूर झालं. ही औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात. ती फक्त नव्याने निदान झालेल्या, खाणाऱ्या, बाकी ठणठणीत आणि आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत. इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ती दिली तर साखर १५० दिसत असताना किटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि आकडा चांगला दिसतो म्हणून कुणाला संशयच येत नाही. घरात कुणाला याच जातीची माणसांची गोळी चालू असेल तर ती बोक्यावर आजमावू नका.

बोका सावरून खायला लागला की आहार बदला. दूध-भात, दूध-पोळी बंद. बऱ्याच कोरड्या खाद्यांत तीस टक्क्यांहून जास्त कॅलरी कर्बोदकांतून येतात. मधुमेही मांजराला हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवं, आणि ते ओल्या डबाबंद खाद्यात मिळतं. नुसतं उकडलेलं चिकन काही दिवस ठीक, पण त्यात पुरेसं कॅल्शियम नाही आणि मांजराला अत्यावश्यक असलेलं टॉरीनही पुरेसं उरत नाही. बदल आठवडाभरात हळूहळू करा आणि त्या आठवड्यात साखर दिवसातून दोनदा मोजा, कारण इन्सुलिनची गरज इथेच झपाट्याने उतरते. किटोअॅसिडोसिस झालेली मांजरंसुद्धा पुढे इन्सुलिनशिवाय राहू शकतात. सुरुवातीच्या महिन्यांत साखर घट्ट आटोक्यात ठेवली तर ही शक्यता वाढते. डोस अर्ध्या युनिटवर येऊनही साखर सतत शंभरच्या आसपास राहिली तर डॉक्टर तो थांबवून बघतात, आणि चार आठवडे इन्सुलिनविना साखर ठीक राहिली तर त्याला रेमिशन म्हणतात. त्यानंतरही आठवड्यातून एकदा कानाचं रक्त, दर पंधरवड्याला वजन, आणि कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य: हा मधुमेही आहे, स्टेरॉइड देऊ नका.